उविलुकची तहान

दिवा राहू दे, पण तो फोन खिशात घाल, अकेशुक. उद्या आईला विचारशील, म्हातारा काय बडबडत होता म्हणून.

आपला पेट्रोल पंपावरचा पाउलूसी, त्याची गोष्ट. बारा वर्षं झाली. त्याची बायको एलिसापी बाळंतपणाला विमानाने दक्षिणेला, शहरातल्या दवाखान्यात गेली होती. आधीची दोन बाळं दगावलेली. ती परतली की तिला घरचं मांस हवं, म्हणून हा पश्चिम किनाऱ्यावर दगडांखाली साठवून ठेवलेलं कॅरिबू हरणाचं मांस आणायला निघाला. तारीख अकरा फेब्रुवारी. गोठलेल्या तळ्यांवरून स्नोमोबाइलने सहा तास.

आपलं जुनं गाव त्याच किनाऱ्यावर. शाळा देतो, घरं देतो म्हणत सरकारी जहाजाने आपल्याला इकडे पूर्वेला आणलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पाउलूसीची मावशीआजी उविलुक आजारी होती, म्हणून ती मागे राहिली. समुद्र गोठला की कुत्र्यांची गाडी घेऊन येतो, असं तिला सांगितलं. कुणी गेलं नाही. ती तिथेच एकटी मेली. पुढे गावात इतकी पोरं जन्मली, पण एकालाही तिचं नाव ठेवलं नाही. कुठल्या तोंडाने ठेवणार? मला अजून त्याची लाज वाटते.

तर, वारा उठला आणि पाउलूसीला त्या जुन्या गावातच तंबू ठोकावा लागला. रात्रीचे साडेनऊ. चहासाठी त्याने स्टोव्हवर बर्फ वितळवलं. बाहेर पावलं वाजली. अस्वल असेल म्हणून त्याने बंदूक जवळ ओढली.

"पाणी..."

बाईचा आवाज. म्हातारीचा.

"कोण आहे?"

 नुसता वारा. मग अगदी तंबूच्या कापडाला लागून...

"पाणी दे रे."

मेलेलं माणूस पाणी मागतं ते कशासाठी, हे तुम्हाला घरी सांगितलेलं आहे. त्याला आपलं नाव पुढे चालवायचं असतं. येणाऱ्या बाळाला ते दिलं की माणूस घरी परत येतं. पाउलूसीलाही हे ठाऊक होतं. भांडं उचलायचं, पडदा उघडायचा, एवढंच. तो उठला नाही.

पुढे मी त्याला विचारलं, "घाबरलास?"

"नाही काका. काहीच वाटलं नाही. हात बधिर, आणि आतूनही तसाच."

पाणी उकळलं. आटलं. आवाज थांबला...

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा फोन आला. मी शेजारीच होतो. रात्री साडेनऊला मुलगी झाली होती.

"ही दूधच घेत नाही रे," एलिसापी म्हणाली. "गार पडत चाललीय."

पाउलूसीने फोन दोन्ही हातांनी धरला.

"फोन तिच्या कानाशी धर," तो म्हणाला. मग अगदी हळू, "उविलुक... ये आजी. पी."

मुलगी प्यायली.

संध्याकाळी तिकडे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासायला दुपटं सोडलं. खोलीत हीटर चालू, खिडक्या बंद. जन्मल्यापासून तिला दाराबाहेर नेलेलं नव्हतं. तिच्या डाव्या पायाची तीन बोटं हिमदंशाने काळी पडली होती.