गावसांचा डावा कान

चंद्रतळावरच्या दवाखान्यात डॉ. अश्लेषा सामंत हत्यारं मांडून तयार होती. हरितकक्षात भाज्या पिकवणाऱ्या दामोदर गावसांना सायनसचा जुनाट विकार होता. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया दीड महिन्यापूर्वी झाली, आज डावीची पाळी. पण गावस आले ते डावा कान दाबूनच. कालपासून दुखणं वाढत चाललं होतं. उजव्याची काही तक्रार नव्हती.

तिनं दुर्बिणीतून कान पाहिला आणि थेट तळप्रमुख मुजावरांना बोलावून घेतलं.

नाकामागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते, तिनं त्यांना सांगितलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब ती सारखा राखते. सायनसच्या सुजेनं ती बुजली की कानातली हवा हळूहळू शोषली जाते आणि पडदा आत ओढला जातो. गावसांचा डावा पडदा वर्षभर तसाच होता.

"आज तो बाहेर फुगलाय. पू नाही, पाणी नाही. म्हणजे बाहेरचाच दाब उतरलाय. आपली हवा गळतेय, मुजावरसाहेब."

मुजावरांनी भिंतीवरच्या दाबमापकाकडे पाहिलं. आकडा जागचा हलला नव्हता. मग बाकी कुणाचा कान का दुखत नाही, असं त्यांनी विचारलं.

"आपल्या नळ्या मोकळ्या आहेत. बाहेर हवा कमी झाली की कानातलीही निघून जाते. आपल्याला कळणारच नाही."

गावसांना शेजारच्या दाबकक्षात बसवून हवा भरली. मिनिटाभरात त्यांनी कानावरचा हात काढला. मुजावरांचा चेहरा उतरला.

चार तास सगळे प्राणवायूचे मुखवटे लावून शोधत होते. शेवटी हरितकक्षाच्या बाहेरच्या दाराचं रबर चिरलेलं सापडलं, ते लगेच बदललं. दाबमापकाचा दोषही कळला: सावकाश होणारा बदल तो स्वतःचीच चूक समजून दुरुस्त करत होता. नवा मापक पृथ्वीवरून यायला तीन महिने लागणार होते.

तोवर शस्त्रक्रिया नको, त्या कानाला हात लावू नका, असं मुजावरांनी डॉक्टरला बजावलं. ते गावसांच्या कानावर पडलंच.

"राहू दे, डॉक्टर," ते म्हणाले. "सहाजणांचा जीव आहे." बोलताना त्यांचा हात पुन्हा कानाकडे गेला.

अश्लेषानं काचेची बरणी घेतली. हातमोज्याचं रबर कापून तिच्या तोंडावर ताणून बांधलं, कड चिकटपट्टीनं बंद केली. रबरावर एक काडी आडवी चिकटवली आणि तिच्या टोकामागे मोजपट्टी उभी केली. बाहेरचा दाब उतरला की रबर फुगणार, काडी हलणार.

"हा घ्या बुजलेला कान," बरणी मुजावरांच्या हातात देत ती म्हणाली. "याला दुखत नाही."

मग ती गावसांकडे वळली. "काका, आडवे व्हा."