ऑरिननं दाखवलेलं रान

ही गोष्ट खरी आहे. मी ती कुठे वाचलेली नाही, आणि कुणाच्या मामाच्या मित्राचीही नाही. लायल माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांमध्ये एक तारेचं कुंपण, बस्स. हे सगळं त्यानं माझ्या घराच्या पायरीवर बसून सांगितलं.

सांगताना तीनदा मागे वळून पाहिलं.

दिवस पक्का आहे. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, बंदुकीनं शिकार करायच्या दुसऱ्या हंगामाचा पहिला दिवस. ठिकाण कोलोरॅडोच्या पश्चिम उतारावरचं सरकारी जंगल. आणि वेळ रात्रीची नव्हती. लख्ख उजेड होता.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड जनावर. आमच्याकडे त्याची शिकार ही हौस नाही, हिवाळ्याची बेगमी आहे. परवान्यासाठी चिठ्ठी निघायची वाट बघायला नको, दुकानात जाऊन घेता येतो. पण मग तो सगळ्यांच्याच खिशात असतो. खरी विद्या असते ती रान निवडण्यात. ज्याला चांगलं रान माहीत, तो सख्ख्या भावालाही पत्ता लागू देत नाही.

लायल नऊ वर्षं परवाना घेत होता आणि नऊ वर्षं हात हलवत परत येत होता. धाकटा भाऊ डीन त्याला सोडायचा नाही.

"तुला बघून एल्क हसत असतील रे," तो म्हणायचा. "पुढच्या वेळी बंदूक घरी ठेव. नुसता तमाशा कर, टाळ्या तरी मिळतील."

शेवटी म्हाताऱ्या ऑरिनला लायलची दया आली.

ऑरिन चौऱ्याहत्तर वर्षांचा, उजव्या गुडघ्यानं अधू. रविवारी चर्चमध्ये तो गाऊन उपदेश करायचा. एक ओळ म्हणायचा, थांबायचा, आणि सगळी मंडळी पुढची ओळ उचलून धरायची. मी देवळात वाढलेला माणूस, तरी त्याच्यासाठी चर्चच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. बुवा रंगात आले की अंगावर काटा येतो ना, तसंच व्हायचं. देवाचं नाव गळ्यातून आलं की भाषा कोण विचारतो?

त्या ऑरिननं लायलला स्वतःचं रान दाखवलं. जळक्या कड्याखाली एक सपाट टप्पा, तिथे बारमाही झरा. बापानं त्याला दाखवलेलं, पन्नास वर्षं जपलेलं.

"माझे आता असे किती हंगाम राहिलेत, पोरा? दोन, फार तर तीन," ऑरिन म्हणाला. "तोवर हे रान तुझ्या तोंडून बाहेर जाऊ देऊ नकोस. मग ते तुझंच आहे."

लायलनं त्याच्या हातात हात दिला, शब्द दिला. आणि त्याच हंगामात त्याला भल्या थोरल्या शिंगांचा नर मिळाला.

माणूस वाईट नाही हो. हुरळला. इंटरनेटवर शिकाऱ्यांच्या एका पानावर त्यानं फोटो टाकला. शेकड्यांनी वाहवा झाली. पण कुणीतरी खाली खवचटपणे लिहिलं, की हा कुणाच्या तरी खाजगी कुरणातला पाळीव नर दिसतो. ते लायलला झोंबलं. रागाच्या भरात त्यानं सगळंच लिहून टाकलं. ट्रक कुठे लावायचा, कुठल्या ओढ्यानं चढायचं, कड्याच्या कुठल्या अंगाला वळायचं.

पुढच्या वर्षी त्या पायवाटेच्या तोंडाशी सव्वीस ट्रक उभे होते.

सत्ताविसावा ऑरिनचा.

टप्पा शिकाऱ्यांच्या केशरी जाकिटांनी भरून गेला होता. गर्दी टाळायला म्हातारा पाय ओढत कडा चढला आणि पलीकडच्या अंगाला उतरला. लोकांनी त्याला पाहिलं ते तेवढंच.

नऊ दिवस शोध चालला. मग बर्फानं सगळं झाकून टाकलं. टोपीसुद्धा सापडली नाही.

ऑरिनची बायको हेस्टर घरोघर विचारत फिरली, आमच्या रानाचा पत्ता कुणी फोडला असेल? लायलच्याही दारात आली. तोवर त्यानं लिहिलेलं पुसून टाकलं होतं.

"काय की, हेस्टरबाई," लायल म्हणाला. "हल्ली लोकांना सगळंच कळतं."

आता गेल्या वर्षाचं सांगतो. ऑरिन हरवल्याला तेव्हा वर्ष झालं होतं.

दोघे भाऊ स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसले होते. डीनचं म्हणणं सरळ होतं, की जिथे नर मिळाला तिथेच जाऊ. लायलनं तिकडे बोटसुद्धा नेलं नाही. त्यानं सत्तर मैल दक्षिणेचं एक रान काढलं. मैलोन्मैल रस्ता नाही, चढ उभा, म्हणून गर्दी कमी. कारणं सगळी बरोबर होती. खरं कारण त्याच्या पोटात होतं. त्या रानात ऑरिननं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं.

शनिवारी पहाटे दोघे पोचले.

ट्रक लावायच्या जागेवर... एकही गाडी नव्हती.

हंगामाच्या पहिल्या दिवशी असं आमच्या मुलखात होत नाही. डीन खूश झाला. लायल नाही.

फटफटताना दोघे वेगळे झाले. डीन डावीकडच्या उतारानं, लायल उजवीकडून. अकरा वाजता एका मोडून पडलेल्या पाइनच्या झाडापाशी भेटायचं ठरलं. थर्मास लायलच्या पिशवीत होता.

ऊन वर आलं. रात्री भुरभुरलेलं बर्फ चमकत होतं.

पण रानात आवाज नव्हता.

खार ओरडली नाही. कावळा नाही. झाडावरून बर्फाचा गोळासुद्धा पडला नाही.

मग दूरवरून... हाक आली.

एल्कच्या मादीची हाक. शिकारी तोंडात पिपाणी धरून ती काढतात. दोन आखूड, एक लांब. आणि लांब सूर शेवटी फाटलेला.

लायल थांबला. प्रत्येकाची हाक वेगळी असते. अशी फाटकी हाक त्यानं एकाच माणसाकडून ऐकली होती. पुढचे दोन दात पडलेल्या ऑरिनकडून.

त्यानं स्वतःला समजावलं, दुसरा कुणी शिकारी असेल.

अकरा वाजले. साडेअकरा. डीन आला नाही. लायलनं हाक मारली, तर हाक जणू बर्फानं गिळली. तो डीनच्या पावलांच्या ठशांवरून निघाला. पंधरा-वीस मिनिटं ठसे एकट्याचे होते.

मग त्यांच्या शेजारी... दुसरे ठसे सुरू झाले.

कुठून आले नव्हते. अस्पर्श बर्फात, मधूनच सुरू झाले होते.

डावं पाऊल नीट उमटलेलं. उजवं फरपटलेलं.

ते डीनच्या मागावर नव्हते. त्याच्या बरोबरीनं चालले होते. दोन माणसं गप्पा मारत चालतात तसे.

लायल धावायला लागला. बंदूक खांद्यावर आपटत होती. धाकट्या भावाला त्यानं स्वतः या रानात आणलं होतं. घरी डीनची दोन लेकरं होती. पडत, धडपडत तो उतार उतरला.

खालच्या गर्द झाडीतून... गाणं ऐकू आलं.

म्हातारा, खोल गळा. "वाट माझी तूच जाणसी, देवा..."

आणि आवाज थांबला. चर्चमध्ये थांबायचा तसा. पुढची ओळ कुणीतरी उचलावी म्हणून.

पुढची ओळ लायलला पाठ होती.

तेवढ्यात ती ओळ उचलली गेली. "हात माझा सोडू नको..."

तो डीनचा आवाज होता.

डीननं आयुष्यात चर्चची पायरी चढलेली नव्हती.

झाडी ओलांडून लायल पुढे गेला. एका ओंडक्यावर डीन बसला होता, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. त्याच्या भोवती बर्फात मोठमोठे खळगे, एल्क बसून उठल्यावर राहतात तसे. तीस तरी असतील. लायलनं एकात हात घातला. अजून ऊब होती. पण जनावर एकही नव्हतं, आणि कुठे गेली त्याचा मागही नव्हता.

डीनच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता.

फरपटलेले ठसे ओंडक्यापर्यंत आले होते. परत गेले नव्हते.

"किती गोड म्हातारा आहे," डीन म्हणाला.

लायलनं त्याला दंडाला धरून उठवायला पाहिलं. डीननं शांतपणे त्याचा हात काढला.

"तू सांगितलंस ना रे सगळ्यांना? आणि हेस्टरबाईंना तोंडावर नाही म्हणालास."

लायल दोन पावलं मागे सरला.

"त्यांनी मला एक रान दाखवलंय," डीन म्हणाला. "कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिलाय मी. चल, उशीर झाला."

त्या दिवशी तो एवढंच बोलला. त्यानंतर त्यानं लायलच्या घरी पाऊल टाकलं नाही. आईच्या वाढदिवसाला दोघे भाऊ एका टेबलाशी बसले आणि डीननं त्याला मीठसुद्धा मागितलं नाही.

माझ्या पायरीवर लायल रडला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बाबा रे, त्या बाईच्या पायाशी जा. सगळं सांग. देव माफ करतो, पण माणसाला आधी तोंड उघडावं लागतं."

तो म्हणाला, येत्या रविवारी जातो.

असे कितीतरी रविवार गेले.

यंदा डीननं एकट्यानं परवाना घेतला. बायकोनं विचारलं, कुठल्या रानात? तो हसला, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि निघाला. त्या दिवशी शुक्रवार होता. हंगाम गेल्या रविवारी संपला.

आज गुरुवार आहे.

फोन लागत नाही. ट्रक कुठल्याच पायवाटेपाशी नाही. शोध घेणारे ऑरिनच्या टप्प्यावर जाऊन आले, दक्षिणेच्या त्या रानातही जाऊन आले. दोन्हीकडे कोरं बर्फ.

मघाशी मी लायलकडे होतो. शेरीफनं टेबलावर अख्ख्या पश्चिम उताराचा नकाशा पसरला होता. सगळा हिरवा. सगळं सरकारी जंगल. हेस्टर पावाची टोपली घेऊन आली होती. ती लायलशेजारी बसली आणि त्याचा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"मला ठाऊक आहे रे, हे कसं असतं," ती म्हणाली.

लायलनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि परत मिटलं.

शेरीफ म्हणाला, "जरा आठवून बघा. तुमचा भाऊ कुणापाशी तरी बोललाच असेल. शिकारी माणसाच्या पोटात रान राहत नाही."

"डीनच्या राहतं," लायल म्हणाला.

बाहेर बर्फ सुरू झालं होतं. शेरीफनं पेन्सिल उचलली, नकाशावर धरली. बराच वेळ ती हवेतच फिरत राहिली. खाली कुठे टेकली नाही.