कितीदा सांगू

नाना म्हणजे जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. गावभर लोकांची दारं बसवली, पण स्वतःच्याच घरात दाराबाहेर ताटकळायची वेळ त्यांच्यावर आली ती त्या दुपारी, आणि तीही कॉम्प्युटरच्या एका डबड्यापायी.

"मेला मलाच विचारतो, तू कोण!" नाना तणतणले. "या घराच्या चौकटी मी ठोकल्यात!"

दुरुस्तीवाल्याने चष्मा पुसला. "यंत्र आहे ते नाना. त्याच्यावर चिडून काय उपयोग?"

गोष्ट साधी होती. घरात कॉम्प्युटर दोन, खाली नानांचा आणि वर नानींचा. मधे एक वायर. नानी वर बसून गाणी म्हणायच्या, ती त्यांच्या यंत्रात भरून राहायची, आणि गुडघे दुखणारे नाना ती खाली बसून ऐकायचे. नानी गेल्या. नानांनी वरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली, कुणाला वर पाऊल टाकू दिलं नाही, पण यंत्र बंद करायला काही जीव धजला नाही. मग थोरल्या मुलाने न विचारता खालचा कॉम्प्युटर बदलला. जुन्याला सगळं पाठ होतं, नव्याला वरचा ओळखच देईना. उद्या थोरला कुलूप तोडून खोली भाड्याने द्यायला रिकामी करणार होता. वरचं यंत्र भंगारात. आज आवाज खाली आला नाही, तर तो कायमचा गेला.

"आईचा आवाज भंगारात घालतो! लाज कशी वाटत नाही?"

दुरुस्तीवाल्याने नानांचं नाव घातलं, आडनाव घातलं. पडद्यावर तेच, नाव किंवा पासवर्ड चुकीचा.

"नानी तुम्हाला काय म्हणायच्या?"

"काय म्हणणार? अहो."

त्याने 'अहो' लिहिलं. "आणि पासवर्ड?"

"विचारला की खेकसायची, कितीदा सांगू, कितीदा सांगू! सांगितला मात्र कधीच नाही."

दुरुस्तीवाल्याचा हात थबकला. मग गालात हसत त्याने 'कितीदासांगू' लिहिलं.

उघडलं! नाना हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. बया इतकी वर्षं सांगत होती आणि आपल्याला वाटायचं, रागावतेय.

एकेक गाणं खाली उतरू लागलं. दुरुस्तीवाल्याने सगळ्यांत शेवटचं लावलं. नानींनी घसा खाकरला, सूर धरला. तेवढ्यात जिन्याकडून कुजक्या लाकडाचा वास आला. नानांनी नाक मुरडलं. त्यांच्या घरात कुजकं लाकूड नव्हतं.

पडद्यावर एक चौकोन उघडला. वरच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी आत येऊ पाहतंय. येऊ द्यायचं?

"वर कोण आहे, नाना?"

"कुणी नाही. किल्ली माझ्या खिशात आहे."

"नाव लिहिलंय... अगं."

नानांचा हात खुर्चीवर घट्ट झाला. "मी तिला तशीच हाक मारायचो. अजून मारतो, जिन्याखाली उभा राहून..." आणि मग ते भडकले. "आणि हा तिलाही विचारतो, तू कोण? तिच्याच घरात?"

त्यांनी थेट 'होय' दाबलं.

"थांबा!" दुरुस्तीवाला कुजबुजला. "'अगं' तुम्ही म्हणायचात... स्वतःला कुणी 'अगं' म्हणतं का? ज्याने हे लिहिलं, त्याला नानींचं नाव ठाऊकच नाही... त्याने नुसती तुमची हाक ऐकलीय..."

गाणं मधेच तुटलं. नानींचा आवाज दबका झाला, माणूस दाराआडून बोलतो तसा.

"अहो, कितीदा सांगू... जिन्याखालून हाका मारू नका. इथे ऐकणारी मी एकटी नसते..."

पुढे नुसती खरखर.

नानांनी खिसा चाचपला. किल्ली होती.

जिन्याची मधली पायरी त्यांनी कितीदा ठोकून पाहिली होती, पण तिची खोड गेली नव्हती. चढताना ती गप्प असायची. करकरायची ती फक्त कुणी उतरताना.

ती करकरली.