चित्र क्रमांक तीस

"ताई, लवकर या. पोथीतलं एक पान कुणीतरी कापलंय."

वाचनालयातले काका फोनवर कधी आवाज चढवत नसत. आज चढवला. ग्रंथपाल ताईंनी हातातला कप तसाच ठेवला आणि त्या दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीकडे निघाल्या.

टेबलावर पोथी उघडी होती. कुराणावरचं, जुन्या वळणाच्या अरबी लिपीत हाताने लिहिलेलं भाष्य. शिवणीपाशी कापलेल्या पानाची बारीक पट्टी राहिली होती. ब्लेडचं काम, सरळ आणि थंड डोक्याचं.

ही पोथी म्हणजे ताईंचा जीव की प्राण. विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'इस्लामचा अभ्यास: कुठं काय सापडेल' हे पान त्यांनीच उभं केलं होतं. शब्दकोश कुठले, विश्वकोश कुठले, कुठल्या ग्रंथालयाची सूची घरबसल्या चाळता येते, सगळं तिथं होतं. आणि या पोथीच्या पानांचे फोटो काढून केलेली चित्रंसुद्धा. पहिली चार चित्रं पेटी, पुठ्ठा, फोटोतले रंग तपासायची रंगपट्टी आणि कोरं पान यांची, मग पोथी सुरू, एका पानाला एक चित्र. पोथीच्या पानांवर आकडे नव्हते. म्हणून ताईंनी नियम करून टाकला होता: दाखला द्यायचा तो चित्राचा क्रमांक लिहून.

"पेटी कुणी कुणी मागवली होती?" ताईंनी विचारलं.

"आपली संशोधक मुलगी. दुसरं कोण मागवतंय?"

"आणखी कुणीच नाही?"

"सर येऊन गेले परवा, परीक्षक यायचे म्हणून नजर टाकायला. पण ते काय वाचक म्हणायचे का? मी त्यांना पाणी आणून दिलं, तोवर त्यांचं झालंसुद्धा."

सर म्हणजे इस्लाम अभ्यास विभागाचे प्रमुख आणि त्या मुलीचे मार्गदर्शक. या पोथीवर त्यांचं गाजलेलं पुस्तक होतं. पोथी दरबारातल्या लेखनिकाने लिहिली, असं त्यांनी त्यात ठासून मांडलं होतं.

तेवढ्यात सर स्वतःच आले. खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मला हीच भीती होती, ताई."

"म्हणजे?"

"पोरीने प्रबंधात लिहिलंय की, समासात एक ओळ आहे. पोथी एका बाईने उतरवली, गुरूच्या मुलीने, आपल्या विद्यार्थिनींसाठी. चित्र क्रमांक तीस. तुमच्या वेबसाइटवर ती ओळ दिसते?"

ताई ओशाळल्या. चित्रं नीटनेटकी दिसावीत म्हणून कडा छाटायला त्यांनीच सांगितलं होतं. समास त्यात गेले होते.

"नाही दिसत. मूळ पोथीच पाहावी लागेल."

"उद्या परीक्षक तेच पाहणार होते. ओळ नव्हतीच मुळी. म्हणून पुरावाच नाहीसा केला तिने. आणि असं बघा, या इमारतीत ती लिपी वाचणारं दुसरं आहे कोण?"

ताईंना ते पटलं. लगेच पटलं, आणि पुढे त्यांना जन्मभर टोचलं ते हेच. दुपारपर्यंत त्यांचा अहवाल विद्यापीठाच्या समितीकडे गेला. संध्याकाळपर्यंत मुलीला वाचनालय बंद झालं. उद्या तोंडी परीक्षेऐवजी नोंदणी रद्द करायची बैठक ठरली. चार वर्षांच्या मेहनतीवर एका दिवसात पाणी.

मुलगी जिन्यात भेटली. रडून डोळे लाल झालेले, पण आवाज स्थिर.

"ताई, एकच विचारू? कुठलं पान गेलंय?"

"तुझंच. चित्र तीसचं."

"तुम्ही जुळवून पाहिलंत?"

"सर म्हणाले..."

"सरांना विचारत नाहीये. तुम्ही पाहिलंत का? मी तुम्हाला शिकवलं होतं ना, पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहिलेला असतो. लिपी येत नसली तरी नुसता आकार जुळवायचा."

ताईंनी पाहिलं नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांना 'आधी मूळ पाहा' म्हणून सांगणारी बाई, आणि तिने स्वतः मूळ पाहिलं नव्हतं. त्या मागे फिरल्या.

खोलीत त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला आणि शेजारी पोथी उघडली. कापलेल्या पानाच्या आधीचं पान घेतलं. तळाशी तिरका, छोटा शब्द. पुढच्या पानाची सुरुवात त्याच्याशी जुळेना. म्हणजे मधलं पान गेलेलं, हे खरंच. मग पडद्यावर त्या शब्दाने सुरू होणारं चित्र त्या शोधत बसल्या. डोळे चुरचुरायला लागले. शेवटी सापडलं.

चित्र क्रमांक चौतीस.

ताईंनी पुन्हा जुळवलं. चौतीसच. मग पडद्यावर तीस उघडलं आणि पोथीत तेच पान शोधलं. ते जागच्या जागी होतं. समासात बारीक अक्षरांत एक उभी ओळ होती. पुसट, पण शाबूत.

मग ताईंनी पोथीची पानं पहिल्या लिहिलेल्या पानापासून मोजली. कापलेलं पान मोजून तिसावं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत ताईंनी समितीला बोलावलं. परीक्षकही होते, सर होते, काका दाराशी. मुलगी भिंतीला लागून उभी होती. बस म्हटलं तरी बसेना.

"आधी माझी चूक सांगते," ताई म्हणाल्या. "माझा अहवाल खोटा ठरलाय. मी न बघता लिहिला. गेलेलं पान तिच्या पुराव्याचं नाहीच."

सरांनी मान वर केली. "असं कसं? चित्र तीसच तर—"

"चित्र तीस इथं आहे, सर. हे बघा." ताईंनी पान पुढे केलं. परीक्षक भिंग घेऊन वाकले.

"ओळ आहे," परीक्षक म्हणाले. "मुलीने बरोबर वाचलीय."

"मग गेलं ते कुठलं?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं.

"चित्र चौतीसचं. तिच्या प्रबंधाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मग ते कुणी का कापावं? मीही रात्रभर डोकं आपटलं. पण हिशोब सोपा आहे. आमची पहिली चार चित्रं पेटी, पुठ्ठा, रंगपट्टी आणि कोऱ्या पानाची. म्हणजे चित्र तीस हे पोथीचं सव्विसावं पान. कापणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याने पुठ्ठा उघडला, पहिल्या लिहिलेल्या पानापासून तीस मोजली आणि ब्लेड चालवलं. मुलीने मोजलंच नसतं. ती वाचून थेट पानावर गेली असती. ज्याला वाचता येत नाही, त्यालाच मोजावं लागतं."

सर पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

"चित्र तीसवर सगळा भार आहे हे प्रबंध वाचणाऱ्यालाच माहीत. परीक्षकांनी तो वाचलाय, पण ते इथं आजच पोचले. इथल्यांपैकी तो वाचला होता फक्त मुलीच्या मार्गदर्शकांनी. आणि कुठलं पान गेलं हे कुणीही जुळवून पाहण्याआधी 'पुरावा गेला' असं एकाच माणसाने ठामपणे सांगितलं. काका, त्या दिवशी पाणी आणायला गेलात तेव्हा खोलीत कोण होतं?"

काका खाली बघत म्हणाले, "सर."

सरांनी नाकारलं नाही. बॅगेतून एक पुठ्ठ्याचं पाकीट काढलं आणि टेबलावर सरकवलं.

"मला ती लिपी कधीच नीट आली नाही," ते म्हणाले. "सगळं भाषांतरावर. पोथी माझ्या मित्राने वाचून दिली होती. तो गेला. त्याने समासाचं सांगितलं नव्हतं, का मीच ऐकलं नाही, देव जाणे. लोक मला मोठा समजतात. या पोरीच्या एका ओळीने सगळं... मी नुसतं पान काढणार होतो. तिच्यावर येईल असं वाटलं नव्हतं."

"आल्यावर मात्र तुम्ही येऊ दिलंत," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली ती.

समिती त्यांना घेऊन बाहेर गेली. तोंडी परीक्षा दुपारी घ्यायची ठरली.

खोलीत दोघीच राहिल्या. ताईंनी पाकीट उघडून पान अलगद पोथीत ठेवलं. किती वेळ त्या नुसत्या कडा सारख्या करत होत्या.

"मला माफ कर, बाळ. तोंड नाही मला, तरी मागते."

"एक सांगा, ताई. पान गेलं म्हटल्यावर तुम्हाला पहिली मीच का दिसले?"

खोटं बोलायची सोय होती. ताईंनी ती घेतली नाही.

"कारण इथं ती लिपी तुलाच येते."

"ती शिकायला मी याच खोलीत आले होते," मुलगी म्हणाली. "वेबसाइटवरचं तुमचं पान बघून."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने ते पाहिलं, पण समजूत घातली नाही. दुपट्टा नीट केला, आपली टिपणं उचलली आणि परीक्षकांच्या खोलीकडे गेली. ताई पोथीजवळच बसून राहिल्या.