साक्षदिवा

ग्राफिक्स कार्ड जितकं महाग, तितका काचेत उमटणारा समोरचा माणूस जास्त खरा, ही गोष्ट त्या काळी कराडमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. भालचंद्र पोतनीसांना मात्र ती दुकानदारांनी उठवलेली आवई वाटायची. वांगी घेताना एकेक उलटून बघणारा हा माणूस. औषधाच्या पाकिटावरची तारीख स्वतः दोनदा वाचायचा आणि मग दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावायचा. असा गृहस्थ ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघाला, म्हणजे विकणाऱ्याचीच कीव यायला हवी.

तसं त्यांना फार काही नको होतं. रोज दुपारी चार वाजता कॅरमचे दोन डाव, बस्स. टेबलावरच्या काचेत पट उमटायचा आणि पलीकडे कमरेपासून वर जबलपूरचा धाकटा भाऊ, सुधाकर. पण जुनं कार्ड दमलं होतं. स्ट्रायकरकडे निघालेला सुधाकरचा हात मध्येच गोठायचा.

दुकान नफीसा मुल्लांचं. बाई बावीस वर्षं प्रयोगशाळेत हीच कार्डं घडवून निवृत्त झालेल्या, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत.

"हे एवढं स्वस्त कसं?" भालचंद्ररावांनी कार्ड उलटंपालटं करत विचारलं. "वापरलेलं आहे?"

"नवं आहे, काका. महाग कार्ड पलीकडून येईल ते सगळं जसंच्या तसं रेखाटतं. हे दहातलं एक चित्र रेखाटतं आणि मधली नऊ अंदाजानं भरतं. आम्ही त्याला भरण म्हणतो. भावाचा हात आत्ता इथं आहे, तर पुढच्या क्षणी कुठं असेल, हे त्याला कळतं. लाइन तुटली तर थोडा वेळ चेहराही भरतं, आवाजही."

"म्हणजे थापा मारतं."

"अंदाज म्हणा. घरच्या माणसाचं अर्धं वाक्य तुम्ही पुरं करता की नाही, तसं."

"आणि हे बारकं काय लावलंय?"

"साक्षदिवा. समोरचं खरंच आलेलं असेल तर हिरवा. भरण लांबलं की पिवळा."

"त्याचे पैसे वेगळे?"

"वेगळे."

भालचंद्ररावांच्या डोळ्यांत ओळखीची चमक आली. सापडली, म्हणजे मेख इथं होती तर. खेळणार कॅरम, त्याला दिवा कशाला? डॉक्टर जितक्या कळकळीनं "दिवा राहू द्या" म्हणाल्या, तितकी त्यांची खात्री पटत गेली की बाई आपल्या गळ्यात काहीतरी मारतायत. अर्धा तास हुज्जत घालून त्यांनी दिवा काढायला लावला, आणि बाईंना बरोब्बर पकडल्याच्या आनंदात ते चालत घरी गेले.

आता या दोन भावांचं सांगायला हवं. नऊ वर्षं जिल्ह्याच्या दुहेरी स्पर्धेत पोतनीस बंधूंना कुणी हरवलं नव्हतं. दहाव्या वर्षी भालचंद्ररावांचा हात थरथरायला लागला, आणि सुधाकरनं त्यांना काही न सांगता दुसऱ्याच जोडीदाराबरोबर नाव दिलं. भालचंद्ररावांना ते कळलं फळ्यावरच्या यादीतून. त्यानंतर बारा वर्षं दोघांत शब्द नव्हता. शेवटी सुधाकरच्या मुलीनं, ऋजुतानं, हा खेळ जुळवून दिला. "बोलू नका हवं तर, पण खेळा," ती म्हणाली. तसे ते खेळत होते. भालचंद्रराव रोज त्या यादीवरून एखादा टोमणा मारायचे, सुधाकर मान खाली घालून सोंगट्या लावायचा, आणि भालचंद्रराव त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. त्यांना एकच वाक्य ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

नवं कार्ड बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, राणी घेता घेता सुधाकर थांबला. "अण्णा, त्या वर्षी तुला वगळलं, ते चुकलंच माझं," तो म्हणाला.

"जाऊ दे रे. मी कधीच माफ केलंय तुला," भालचंद्रराव म्हणाले. सुधाकर त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मग ढसाढसा रडला. मंगळवारी दोघे हसत खेळले आणि भालचंद्ररावांनी दोन्ही डाव जिंकले.

बुधवारी सकाळी ऋजुताचा फोन आला. "काका, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन काल अचानक ठरलं, पण छान झालं. कालचा डाव बुडाला म्हणून हळहळत होते बिचारे. घाईत यंत्र चालूच राहिलं होतं इकडं."

कालचा डाव बुडाला? भालचंद्रराव फोन हातात धरून बसून राहिले. मग मंगळवारी हरला तो कोण होता? आणि तो कोण होता हे ठाऊक नसेल, तर सोमवारी बोलला तो कोण?

कार्ड पिशवीत घालून ते दुकानात गेले. डॉक्टरांनी ते तपासणीच्या यंत्राला जोडलं. "दिवा नसला तरी कार्ड नोंद ठेवतं," त्या म्हणाल्या. "मंगळवार सगळा भरण आहे. समोर माणूसच नव्हता. लाइन तुटली असं समजून ते भरत राहिलं."

"सोमवार बघा. चार वीसच्या सुमाराला."

बाईंनी ती नोंद पुन्हा एकदा तपासली. "लाइन अकरा सेकंद तुटली होती, काका."

"पण हे वाक्य त्याला सुचलं कुठनं?"

"कार्ड दोन गोष्टी बघतं. भाऊ कसा वागतो, आणि तुमची नजर कुठं अडकते. तुम्ही रोज त्याच्या ओठांकडं बघत होतात. काहीतरी यायचंय, हे कार्डाला कळलं. विषय तुमच्या टोमण्यांतच होता."

"म्हणजे माझी माफी मीच मागितली."

"तुमचं उत्तर मात्र खरं गेलं. तोवर लाइन आली होती. तो रडला, तेही खरं."

भालचंद्ररावांनी डोळे मिटले. सुधाकरनं काहीच मागितलं नव्हतं आणि आपण मात्र देऊन बसलो. त्यांना राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त, बारा वर्षांची भूक तशीच आहे हे जाणवलं. "दिवा लावा," ते म्हणाले. या वेळी त्यांनी किंमत विचारली नाही.

चार वाजता सुधाकर उमटला. डोळ्यावर पट्टी, केस विस्कटलेले. दिवा हिरवा होता.

"अण्णा," सुधाकर स्ट्रायकर बाजूला ठेवत म्हणाला, "सोमवारी तू आपण होऊन माफ केलंस. मी काही न मागता. तेव्हापासून झोप नाही मला. मला एक बोलायचं होतं, बारा वर्षं जीभ रेटत नव्हती..."

तो थांबला. चित्र किंचित थरथरल्यासारखं झालं, किंवा भालचंद्ररावांना तसं वाटलं. सुधाकरचे ओठ पुन्हा उघडत होते.

भालचंद्ररावांनी बोरिक पावडरचा डबा उचलला आणि दिव्यासमोर ठेवला.

"बोल," ते म्हणाले.