उतरवून घे

मिरकरवाड्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचे घर आहे. सकाळचा उजेड आमच्याकडे उशिरा येतो. पूर्वेची टेकडी त्याला बराच वेळ अडवून धरते. आधी माडांचे शेंडे पिवळे होतात. मग खाली बंदरात ट्रॉलरांवरची निशाणे एकेक करून रंग घेतात. बर्फ फोडल्याचे आवाज येतात, कुणीतरी कुणाला तरी शिवी घालून हसते. सगळ्यात शेवटी आमच्या छपरातल्या काचेच्या कौलातून उजेडाचा एक चौकोन आत येतो, भिंतीवरून सावकाश सरकतो आणि जमिनीवर येऊन स्वस्थ पडतो. त्यात धूळ तरंगत असते. स्वयंपाकघरात अम्मी तांदळाची भाकरी थापत असते. चौकोन पडतो ती जागा माझ्या भावाच्या अंथरुणाची.

मी सांगणार आहे ते याच उजेडात घडले. अंधाराचा त्यात काहीही हात नाही.

ही हकिगत खरी आहे. साल २००७, पावसाळा नुकताच सरला होता. नावे बदलावीत असे मला वाटले, पण अम्मी म्हणाली, "आपल्या माणसाचं नाव कशाला लपवायचं?"

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या फाइली फोनमध्येच होत्या. मी स्वतः त्या उतरवून घेतल्या होत्या.

हाशिमभाई माझा थोरला भाऊ. मुसाचाचांच्या ट्रॉलरवर खलाशी. मामांनी कुवेतहून आणलेला एक कॅमेऱ्याचा फोन आम्हा दोघांत होता. त्याची स्वतःची मेमरी इवलीशी. थोडे फोटो काढले की पडद्यावर अक्षरे येत, 'मेमरी फुल'. म्हणून त्यात नखाएवढे एक कार्ड घातले होते. समुद्रात रेंज नसते, पण गाणी तर वाजतात. बोट निघाली की भाई ते कार्ड घेऊन जाई आणि मुसाचाचांच्या फोनमध्ये घाली.

कार्डाची व्यवस्था माझ्याकडे. फोल्डर करणे, नावे देणे, नको ते पुसणे. भाई फोल्डरला 'खण' म्हणे, बोटीत मासळीचे असतात तसा.

"फुजैल, माल उतरवलास काय रे?"

"भाई, त्याला कॉपी म्हणतात."

"कॉपी तू परीक्षेत केलीस ती! बोट भरली की उतरवायची, रिकामी झाली की जायचं. माझ्या बापानं मला एवढंच शिकवलंय."

मला बोट लागते. धक्का सोडायच्या आधीच मी कठड्यावर ओणवा होतो. म्हणून भाई माझ्यासाठी समुद्र रेकॉर्ड करून आणी. इंजिन, पक्षी, जाळे ओढतानाचा कोलाहल, आणि मध्ये त्याचे बोलणे. मुसाचाचांच्या फोनमधला रेकॉर्डर एका मिनिटाने आपोआप थांबे. भाईला ते कधीच जमले नाही. त्याचे प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटलेले असे. कार्डात 'हाशिम' नावाचा एक खण होता; त्यात ही सगळी अर्धी वाक्ये.

मग ती फेरी आली. जाळे ओढताना लाट आली, आणि भाई पाण्यात गेला. बाकीचे परतले.

मुसाचाचा दारातच उभे राहिले. आत या म्हटले तरी आले नाहीत. किती शोधले, कुठवर शोधले, सगळे सांगितले. शेवटी जाताना आणखी एक वाक्य बोलले.

ते मला ऐकू आले नाही.

पुढे जमातीतली माणसे आली. मौलवीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "देह मिळाला नाही तरी गायबाना जनाज्याची नमाज होते, बेटा. तू हो म्हण."

अम्मीने माझ्याकडे पाहिले. बावा, म्हणजे आमचे वडील, आधीच गेले होते; घरात आता पुरुष मीच होतो.

"नको," मी म्हणालो. "गुजरातच्या एखाद्या बोटीनं उचललं असेल त्याला."

त्या दिवसापासून ती रोज एक भाकरी जास्त थापू लागली. ती रडली नाही. मी नको म्हटल्यावर तिला रडताही येईना.

असेच दिवस गेले. एका सकाळी मी त्या उजेडाच्या चौकोनात बसलो होतो. उन्हात त्या फोनच्या पडद्यावरचे काही दिसत नसे; तळव्याची ओंजळ करून आत डोकावावे लागे. मी डोकावलो. 'हाशिम' उघडले. ओळखीच्या फाइली ओळीने होत्या.

सगळ्यात खाली… एक नवी होती.

मी ती लावली. इंजिन. पक्षी. मग पक्षी थांबले. मग इंजिन थांबले.

नुसते पाणी.

मिनिट संपले.

मी स्वतःला समजावले की ही जुनीच असेल, ऐकायची राहून गेली असेल. पण दुसऱ्या दिवशी आणखी एक होती. तिच्यात इंजिन नव्हते, पक्षीही नव्हते. पाणीसुद्धा निराळे होते. काठावर आपटणारे नव्हे… सगळ्या बाजूंनी दाबून धरणारे. विहिरीत बुडी मारल्यावर कानांत भरते तसे.

आणि त्यातून, फार लांबून…

"फुजैल…"

मी फोन कानाला लावला.

"उतरव…"

मिनिट संपले.

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.

मला अर्थ एकच सुचला. फोन जुना झाला होता, मधूनच बंद पडे. भाईला वाटत असावे की हे सगळे जपून ठेवावे. मी बाहेर पडलो तो थेट ऋत्विकच्या दुकानात. ऋत्विक माझा वर्गमित्र; एसटी स्टँडमागे मोबाइल दुरुस्त करतो. त्याने नुकतेच शटर उघडले होते. काउंटरवर ऊन पडले होते.

"सकाळी सकाळी? बोहनी करतोस की उधारी?"

"ह्यातले आवाज सीडीवर हवेत."

"मग कार्ड काढ. रीडरला लावतो, चहा येईपर्यंत झालं."

"कार्डात नाहीत. फोनमध्ये आहेत."

त्याने वायर जोडली. संगणकाकडे बघत राहिला. "ह्यात तुझ्या अम्मीचा एक फोटो हाय. बाकी सगळी मांजरं. 'हाशिम' बिशिम काय नाय रे."

"आहे. हे बघ." मी वायर काढली, ओंजळ करून त्याच्यासमोर धरली. खण होता. फाइली होत्या. सर्वांत खाली आणखी एक, घरून निघताना नसलेली.

ऋत्विकने स्वतःच बटण दाबले.

पाणी.

"हे वाजतंय कुठनं?" त्याचा आवाज बदलला. त्याने फोन उलटा केला, मागचे झाकण काढले, बॅटरी काढली. बॅटरीखाली कार्डाची फट असते. तो वाकून बघत राहिला.

"फुजैल… कार्ड कुठं हाय?"

फट रिकामी होती.

बॅटरी त्याच्या डाव्या हातात होती, फोन उजव्या हातात…

आणि पाण्याचा आवाज थांबला नव्हता.

बाहेर रिक्षा उभ्या होत्या, कंडक्टर पालीची गाडी पुकारत होता. इतक्या माणसांत, इतक्या उजेडात, आम्ही दोघे ते ऐकत उभे होतो. मिनिट सरले. रेकॉर्डिंग तुटले नाही. भाईचे वाक्य, पहिल्यांदाच, पूर्ण झाले.

"माल नाय रे… मला उतरव."

मग सगळे शांत झाले. ऋत्विकने हातातला फोन आणि बॅटरी काउंटरवर टाकली आणि झाकणासकट सगळे माझ्यापुढे सरकवले, पुन्हा बोट न लावता, एका कागदाने ढकलून. "तू जा," तो म्हणाला. आजही रस्त्यात दिसलो की तो आधी माझ्या हातांकडे पाहतो.

घरी आलो तेव्हा चौकोन भिंतीपलीकडे निघून गेला होता. अम्मी तव्यापाशी बसली होती. मी तिला सगळे सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, "अम्मी, भाई म्हणतो, मला उतरव."

ती दचकली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली.

"मग उतरव ना रे," ती म्हणाली. "तुझ्या बावांना कबरीत त्यानंच उतरवलं होतं. खांद्यापर्यंत माती लागली होती त्याला. आता त्याला कोण उतरवणार? मी?"

आणि मग ती रडू लागली. मी तव्याखालची लाकडे मागे ओढली आणि तिच्याजवळ बसलो.

शुक्रवारी भाईची गायबाना नमाज झाली. मी पहिल्या रांगेत उभा होतो. पुढे जनाजा नव्हता. मोकळी फरशी होती आणि तिच्यावर खिडकीतून आलेले ऊन.

तो फोन आता बॅटरीविना कपाटात आहे. त्यानंतर काय ऐकू आले, हे मला विचारू नका. अम्मी आता मोजक्याच भाकऱ्या थापते. पण काही सकाळी चौकोन जमिनीवर उतरतो तेव्हा तेवढीच जागा ओलसर असते. छप्पर गळत नाही. मी पाहिले आहे. बोट लावून चाखायचे धैर्य मला झालेले नाही.

फाइलींबद्दल सुरुवातीला मी जे सांगितले, ते मी स्वतःलाही रोज सांगत आलो होतो. त्या शेवटच्या सकाळी भाईला नवी कव्वाली हवी होती आणि कार्डात जागा नव्हती. कार्डातले आवाज फोनमध्ये उतरवून घ्यायला गेलो तर फोन म्हणाला, 'मेमरी फुल'. भाई हसला. "राहू दे रे, जुनीच ऐकू. आलो की उतरव."

आणि मुसाचाचा दारातून वळताना म्हणाले होते, "माझ्या फोनातनं कार्ड काढून त्यानं जपून ठेवलं होतं. म्हणाला, फुजैलचं हाय, हरवायला नको."

मला ते ऐकू आले होते.

मी काहीच उतरवून घेतले नव्हते. कार्ड हाशिमभाईच्या खिशात आहे.