नऊ नंबरची चिठ्ठी

सिहोरा सोडून बपेऱ्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला एक बुटकी टेकडी दिसते. एकशे अठरा पायऱ्या, आणि वर दगड रचून केलेली लूर्दमातेची गुहा. सगळे तिला ग्रोटोच म्हणतात. वर्षभर तिथे शेळ्या चरतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र आजाऱ्यांचा दिवस असतो, आणि त्या दिवशी शेळ्यांना कुणी फिरकू देत नाही. कॅथलिकांची घरं त्या भागात बोटांवर मोजावीत एवढीच, पण आजारी सगळ्या जातीधर्मांचे येतात. मातेने आजवर कुणाला आडनाव विचारलेलं नाही.

आजाऱ्यांना वर न्यायचं काम तरुण पोरापोरींचं. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधायचे, चार खांदे लावायचे आणि दर वीस पायऱ्यांना खांदा बदलायचा. शिवाय प्रत्येक आजाऱ्यामागे एक सेवक असतो. त्याला पाणी द्यायचं, औषध द्यायचं, मिस्साची प्रार्थना होईपर्यंत जवळ बसायचं, वर पोचल्यावर त्याचे पाय धुवायचे आणि शेवटी त्याची चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर चार रकाने छापलेले असतात: नंबर, नाव, गाव, विनंती. एका आजाऱ्याला एकच चिठ्ठी. फादर त्या सगळ्या न वाचता पितळी धुपाटण्यात जाळतात.

सकाळी चहा पिताना फादरांनी बोट वर करून नेहमीचं सांगितलं, "आजचा दिवस तुमचा नाही. आज सेवकाने स्वतःसाठी काही मागायचं नाही."

पोरं हसली, कारण फादर दरवर्षी अगदी याच आवाजात हे सांगत. रीनाला हसू आलं नाही.

रीना तेवीस वर्षांची होती, घर सिहोऱ्यात, तुमसरच्या एका दवाखान्यात नर्स. यंत्रावर मोजता येईल तेवढंच खरं मानायची तिला सवय लागली होती. दिवाळीत तिच्या आईला लकवा झाला. मिशनच्या सिस्टरांच्या वसतिगृहात वीस वर्षं साठ-साठ पोरींच्या पोळ्या लाटणारी अंजूबाई एका सकाळी परातीशेजारी पडली ती उठलीच नाही. हात सावरला, बोलणं सावरलं, पण डावा पाय गेला तो गेलाच. दवाखान्यात पायातली ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. आईचा पाय तीन महिने एकावर होता. रीना रोज रात्री तपासायची आणि वहीत एक लिहायची.

या वर्षी आईला वर न्यायचं रीनाने ठरवलं होतं. आईनेच त्यावर पाणी फिरवलं.

"जित्तीपणी चौघायच्या खांद्यावर नाई जात मी," ती म्हणाली. "माहा टाइम येईन तवा न्या. तवा मी नाई म्हनत काय!"

म्हणून रीना दुसऱ्याच बाईच्या खुर्चीमागे उभी होती. नऊ नंबर. गोदावरीबाई, राहणार बपेरा. हृदय फुगलेलं, चार पावलांत धाप लागायची. आयुष्य धानाच्या बांधीत, भाताच्या चिखलभरल्या वावरात गेलेलं. बसल्या बसल्याही तिची एक खोड चालूच होती. खुर्ची उचलायच्या आधी तिने डाव्या पायाचा तळवा पहिल्या पायरीच्या कडेवर दोनदा घासला.

"हे काय वो आजी?" अंकुशने विचारलं. अंकुश सिहोऱ्यातला ऑटोवाला, पुढच्या बांबूला त्याचा खांदा होता.

"बांधीतून आलो का चिखल काढूनच पायरी चढाव बाप्पा. सवय हाय. आता चिखल नाई अन् बांधीबी नाई."

अंकुश हसला. खुर्ची उचलली गेली. बाई इतकी हलकी होती की रीनाला उगीच वाईट वाटलं.

वर पोचल्यावर रीनाने तिचे पाय धुतले. रुंद, भेगाळलेले, चिखलात झिजलेले पाय. मग मांडीवर पुठ्ठा घेऊन तिने चिठ्ठीवर नऊ लिहिलं, गोदावरीबाई लिहिलं, बपेरा लिहिलं.

"विनंती सांगा, आजी."

"मले जास्त काई मांगाचं नाई. तीन वरसं झाले, घराची पायरी आपल्या पायानं चढली नाई. सून शालू उचलून घेते. एकदा मले माह्या पायानं माह्या घरी जाऊ दे. तीनच तं पायऱ्या हायेत. दुसरी हालते, तिच्यावर मी पाय देतच नाई."

"हेही लिहू?"

"नाई. ते मातेले मालूम असन."

रीनाने पेन टेकवलं आणि तिथेच तिचा हात थांबला. ही बाई संध्याकाळी जीपने घरी जाणारच आहे. दोन माणसं दोन्हीकडून धरतील, तीन पायऱ्या चढवतील. एवढ्यासाठी मातेला कशाला साकडं घालायचं? आणि इकडे घरी तिची आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. चिठ्ठी एकच. मागायचं तर काहीतरी खरोखर मागण्यासारखं मागावं. हा सगळा हिशोब तिच्या डोक्यात एका श्वासात झाला, आणि तिने लिहिलं: *आईच्या पायात जीव येऊ दे. तिला चालू दे.*

"लिवलं?"

"लिहिलं."

"वाच."

रीनाने कागदाकडे पाहत गोदावरीबाईचंच बोलणं तिला वाचून दाखवलं. आवाज जराही हलला नाही याची तिला स्वतःलाच लाज वाटली. बाईने कागद हातात घेतला, उलटा धरला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"येवढंसंच?" ती म्हणाली. मग म्हणाली, "असो. पुरते."

धुपाटण्यात चिठ्ठ्या पडल्या. धूर सरळ वर गेला.

उतरताना गोदावरीबाईचे डोळे मिटलेले होते. डुलकी लागली असेल असं सगळ्यांना वाटलं. खाली खुर्ची टेकल्यावर रीनाने मनगट धरलं, मग मानेवर बोटं ठेवली, मग छातीला कान लावला. फादरांना हाक मारली. बाई शांतपणे, कुणालाही त्रास न देता गेली होती. जीपमधून तिला घरी नेलं ते आडवं. अंकुश बरोबर जायला निघाला. रीनाची हिंमत झाली नाही.

बुधवारी रात्री आईच्या डाव्या पायाचा अंगठा हलला.

रीनाने वहीत दोन लिहिलं. शुक्रवारी तीन. रविवारी आई पलंगाला धरून उभी राहिली आणि मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी, तीन महिन्यांनंतरही होतं." रीनाने पेढे वाटले. त्या आनंदात चिठ्ठीची आठवण तिला आली नाही असं नाही. आली, पण तिने ती मागे ढकलली.

सोमवारी आई पहिल्यांदा न्हाणीकडे एकटी चालत गेली. परत येताना उंबऱ्यापाशी थांबली. डाव्या पायाचा तळवा उंबऱ्याच्या कडेवर दोनदा घासला आणि आत आली.

रीना भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"पाय घासलास."

"मी कायले पाय घासन?" आई म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिचा उभा जन्म चुलीपुढे गेला होता, धानाच्या बांधीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रीना ड्यूटीवर असताना दुपारी अंकुशचा फोन आला. "रीना, तुही आई बपेरा रोडनं चालून राहिली. अनवाणी. हाक मारली तं म्हणते, पायच नेऊन राहिले मले."

पेट्रोलपंपापाशी ती त्याला सापडली होती. तिला ऑटोत घालून त्याने घरी आणलं. चार दिवसांनी ती कालव्याच्या पुलापर्यंत गेली. त्यानंतर टेकडीच्याही पुढे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट घडायची. तोंड बपेऱ्याकडे असेल तोवर पाय छान चालायचे, धापसुद्धा लागायची नाही. तिला वळवून घराकडे तोंड केलं की पाय जमिनीला खिळायचे. उचलूनच ऑटोत बसवावं लागायचं. चप्पल पायात टिकायची नाही, दर वेळी रस्त्यात कुठेतरी पडलेली असायची.

रीनाने दाराला बाहेरून कडी घातली. संध्याकाळी उघडलं तर आई दारापाशी उभी. "सकाळपासून उभी हावो मी," ती म्हणाली. "मले बसाचं हाय, रीना. हे पाय बसू देत नाई."

त्या संध्याकाळी रीनाने तिला सगळं सांगितलं. मांडीवर डोकं ठेवून, लहानपणी चोरी कबूल करायची तसं. आई बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"त्या बाईनं काय मांगलं व्हतं?"

"स्वतःच्या पायाने घरी जायचं."

"अन् तू तिचं मांगनं खोडून माहं लिवलं."

"खोडलं नाही. लिहिलंच नाही."

"एकच झालं," आई म्हणाली. रागावून नाही. नंतर म्हणाली, "मंग मले घेऊन चाल."

"आई, आणि तिथे पोचल्यावर? पाय गेले तर?"

"तं जातीन. दुसऱ्याची वस्तू किती दिवस वापरू मी?"

रीनाला त्या रात्री झोप लागली नाही. तिने वही काढली. शेवटचा आकडा पाच होता. पाच म्हणजे पूर्ण ताकद. तिने नोकरीत कुणाचाच एकावरून पाचावर गेलेला पाय पाहिला नव्हता, आणि तो आपल्या हाताने परत करायला निघायचं होतं.

सकाळी सहाला त्या निघाल्या. अंकुश ऑटो घेऊन मागून सावकाश येत होता.  रस्ता कोरडा ठणठणीत होता, डांबर अजून तापलं नव्हतं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या, पाण्याने भरलेल्या. आई रस्त्याच्या मधून चालत होती. दहा-बारा किलोमीटर ती एकदाही थांबली नाही. रीनालाच धाप लागली.

बपेऱ्यात शिरल्यावर रीना म्हणाली, "अंकुश, तू आला होतास ना? घर कुठलं?"

"मी टेकडीपाशीच उतरलो व्हतो. जीपमंदी जागा नव्हती."

आई थांबली नव्हती. मारुतीच्या पारावरून उजवीकडे वळली, हातपंपापासून डावीकडे. एका कौलारू घरासमोर उभी राहिली. सारवलेलं अंगण. छपरीला, म्हणजे पुढच्या ओसरीला, तीन पायऱ्या.

रीनाने तिचा दंड धरला. घट्ट धरला.

"जाऊ का?" आईने विचारलं. ती रडत नव्हती. रीनाच रडत होती.

अजून वेळ होता. अंकुशला हाक मारायची, उचलून ऑटोत घालायचं, घरी नेऊन दाराला कुलूप लावायचं. पाय राहिले असते.

रीनाने हात सोडला.

आईने डावा तळवा पायरीच्या कडेवर दोनदा घासला.

आतून, भांड्यांच्या आवाजातून, बाईचा आवाज आला. "आल्या का आई? बसा, पाय धुवाले पानी आनते."

आणि मग भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

आईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरी ओलांडली. तिसरी चढली. छपरीत पोचली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

रीनाने दोन उड्यांत वर जाऊन तिचा डावा पाय हातात घेतला. मांडीपासून बोटांपर्यंत चाचपला. बोट हलव म्हणाली. आईने डोळे मिटले, जोर लावला.

काही हललं नाही.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "बसाले भेटलं, लय झालं."

दारात एक बाई उभी होती. हातात पाण्याचा लोटा. तिने आईकडे पाहिलं, अंगणाकडे पाहिलं, हलणाऱ्या दुसऱ्या पायरीकडे पाहिलं. कोण तुम्ही, असं तिने विचारलं नाही. रीनाने पुढे होऊन तिच्या हातून लोटा घेतला आणि गुडघे टेकून आईचे पाय धुवायला लागली, टेकडीवर धुतले होते तसेच.

बोटांच्या बेचक्यांतून काळा, ओला चिखल निघाला. धानाच्या बांधीतला, गाळाचा. रीनाने बोटं चोळली. पाणी संपलं तरी चिखल निघतच होता.

शालू दुसरा लोटा आणायला आत गेली.